किल्ली आत, आपण बाहेर

प्रेषक: सचिव
विषय: किल्ली आत, आपण बाहेर

मंडळी, सप्रेम नमस्कार.

परवा तालीम संपल्यावर पार्किंगमध्ये जे रंगलं, ते मूळ नाटकापेक्षा बरं होतं असं खुद्द दिग्दर्शकांचं मत आहे. ज्यांचं हुकलं त्यांच्यासाठी थोडक्यात: एका सभासदाची किल्ली सामानाबरोबर डिकीत गेली, डिकी बंद झाली, चारही दारं आधीच बंद होती. भोवती सल्लागारांचं कोंडाळं. एकाने हँगर आणला, दुसऱ्याने टेनिसचा चेंडू मागितला, तिसरा म्हणाला घरी फोन लावा आणि दुसऱ्या किल्लीचं बटण फोनजवळ दाबायला सांगा. शेवटी गाडी उघडली ती विमा कंपनीने पाठवलेल्या माणसाने. तोवर हँगरने दाराच्या रबराची वाट लावून ठेवली होती.

अशा वेळी नेमकं काय करायचं, हे एकदा इथे लिहून ठेवू या. गॅरेजवाले काका, श्रीगणेशा तुम्हीच करा.

सचिव

*

प्रेषक: नाट्यविभाग
विषय: रे: किल्ली आत, आपण बाहेर

चेंडू मीच मागितला होता, लपवण्यासारखं त्यात काही नाही. चेंडूला भोक पाडून तो किल्लीच्या भोकावर दाबला की व्हिडिओत उघडतं दार! आणि फोनचा उपाय तर दर काही महिन्यांनी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर येतोच. इतके लोक पाठवतात म्हणजे काहीतरी असेलच ना?

*

प्रेषक: गॅरेजवाले काका
विषय: रे: रे: किल्ली आत, आपण बाहेर

नाट्यविभाग, इतके लोक पाठवतात याचा अर्थ इतके लोक पाठवतात, एवढाच.

रिमोट सोडतो रेडिओलहरी, देशाप्रमाणे ३१५ किंवा ४३३.९२ मेगाहर्ट्झच्या आसपास. फोनचा माइक टिपतो आवाज. रिमोट गप्पच असतो, मग फोनवरून पलीकडे जाणार काय? ज्यांना हा प्रयोग ‘जमला’ त्यांची दुसरी किल्ली बहुधा हाकेच्या अंतरावरच होती. चेंडूचं तर त्याहून सोपं आहे. सेंट्रल लॉकिंगमध्ये कुलूप फिरवते ती दारातली छोटी विजेची मोटर. भोकात वारा फुंकून ती फिरत नाही.

हँगरचा काळ होता, नाही म्हणत नाही. खिडकीच्या कडेला वर येणारी खुंटी असायची, तिला फास टाकता यायचा. पातळ पट्टी काचेच्या फटीतून दारात घालून दांडी ओढणारेही होते. आता त्याच पोकळीत वायरी असतात, काही गाड्यांत एअरबॅगचा सेन्सर असतो, आणि कुलपाच्या यंत्रणेवर आवरण असतं. शिवाय पुष्कळ गाड्यांना दुहेरी लॉक असतं: बाहेरून रिमोटने बंद केली की आतलं हँडल ओढूनही दार उघडत नाही. तेव्हा तार मोठ्या कौशल्याने हँडलपर्यंत नेलीत तरी टाळ्या कुणी वाजवणार नाही.

आता कामाचं. आधी गाडीला एक फेरी मारा आणि प्रत्येक दार, डिकीसुद्धा, हाताने ओढून बघा. हसू नका. चौघांपैकी तिघांनी ‘बघितलं, बंद आहे’ म्हटलेलं दार चौथ्याने ओढल्यावर उघडतं.

किल्ली हातात आहे पण गाडी दाद देत नाही, अशी तक्रार फार येते. त्यातले निम्मे लोक उगाच मदत बोलावतात. बटणवाल्या किल्लीच्या पोटात एक साधी लोखंडी किल्ली असते. रिमोटच्या कडेला बारीक खटका असतो, तो सरकवला की ती बाहेर येते. मग प्रश्न असा की भोक कुठंय? बहुधा चालकाच्या दारालाच, पण हल्ली ते हँडलशेजारच्या प्लॅस्टिकच्या टोपीखाली दडवतात. खाली वाकून टोपीची तळबाजू बघा. तिथे नखाएवढी खाच दिसेल. किल्लीचं टोक तिच्यात घालून हलकेच वर उचला, टोपी निघून येते. काही मॉडेलांत आधी हँडल ओढून धरावं लागतं. मनगटाचा जोर लावू नका, टोपीचे आतले कान तुटतात आणि मग ती वाऱ्यावर खडखडत राहते. हे कुलूप कुणी वापरतच नाही, त्यामुळे ते जाम झालेलं असतं. सवडीने एकदा फिरवून ठेवा.

असं दार उघडलं की अलार्म बोंबलण्याची शक्यता आहे. बिथरू नका, गाडी तुमचीच आहे. रिमोट गाडी सुरू करायच्या बटणाला टेकवा आणि ते बटण दाबा. सेल संपलेला असला तरी आतली चिप तेवढ्या जवळून गाडीकडूनच वीज उचलते. टेकवायची जागा मात्र गाडीगणिक वेगळी, कुठे स्टिअरिंगखालचा खांब, कुठे कप ठेवायच्या खोबणीचा तळ. ते गाडीच्या पुस्तिकेत असतं, आणि पुस्तिका गाडीत असते. म्हणून ते पान आजच मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा. सेल बहुतेक वेळा सीआर२०३२ असतो: २० मिलिमीटर व्यास, ३.२ मिलिमीटर जाडी, ३ व्होल्ट. पण रिमोट उघडून खात्री करा, दुसरे आकारही असतात.

किल्लीने दार उघडलं पण आतला दिवाही लागत नाही, म्हणजे रिमोट निर्दोष आहे, मेली आहे ती गाडीची १२ व्होल्टची बॅटरी. आतून बॉनेटचा खटका ओढा आणि जंप स्टार्ट द्या, म्हणजे दुसऱ्या बॅटरीची वीज वायरीने जोडून गाडी सुरू करा. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी हसण्यासारखं काही नाही, दारं आणि कुलपं चालवायला त्यांच्याकडेही १२ व्होल्टचीच छोटी बॅटरी असते. काही इलेक्ट्रिक गाड्यांना दाराला किल्लीचं भोकच नसतं. त्यांतल्या काहींत पुढच्या बंपरवरच्या टो-हुकच्या (गाडी ओढून नेण्याच्या हुकाच्या) झाकणामागे दोन वायरी ठेवलेल्या असतात. त्यांना बाहेरून १२ व्होल्ट दिले की पुढचं झाकण उघडतं. आपल्या गाडीत ही सोय आहे का, हे घरी बसून वाचा. पावसात उभं राहून नको.

काका

*

प्रेषक: ज्यांची गाडी होती ते
विषय: रे: रे: रे: किल्ली आत, आपण बाहेर

काका, सगळं पटलं. पण लोखंडी किल्ली रिमोटच्या पोटात, आणि रिमोट डिकीच्या पोटात. आता बोला. आणि किल्ली आत असताना डिकी लॉक होत नाही असं गाडी घेताना सांगितलं होतं, त्याचं काय?

*

प्रेषक: गॅरेजवाले काका
विषय: रे: रे: रे: रे: किल्ली आत, आपण बाहेर

बरोबर बोट ठेवलंत.

गाडीत अँटेना असतात, त्या किल्लीला हाका मारत असतात. आतून ‘ओ’ आली की गाडी लॉक व्हायला नकार देते, नाहीतर चिवचिवते. पण किल्ली धातूच्या पेटीत, चंदेरी अस्तराच्या पिशवीत किंवा लॅपटॉपला चिकटून असली तर हाक पोचत नाही. दुसरा प्रकार जास्त घडतो: दोन किल्ल्यांपैकी एक आत आणि दुसरी शेजारी उभ्या असलेल्या माणसाच्या खिशात. गाडीच्या लेखी मालक किल्लीसकट बाहेर उभा आहे, मग ती लॉक होणारच. आणि तो माणूस निघून गेला की तुम्ही अडकलात. घरी दोन किल्ल्या असतील तर हे लक्षात असू द्या.

यावर माझा उपाय जुना आणि स्वस्त आहे. किल्ल्या बनवणाऱ्याकडून चिप नसलेली साधी लोखंडी किल्ली कापून घ्या. तिने गाडी सुरू होणार नाही, कारण इमोबिलायझरला, म्हणजे चोरी रोखणाऱ्या यंत्रणेला, चिप लागते, पण दार उघडेल. पाकिटात पत्त्यासारखी सपाट बसते. ती गाडीत मात्र ठेवू नका, हे सांगावं लागतं. मूळ किल्ली हरवली असेल तर पुढच्या काचेच्या खालच्या कोपऱ्यात बाहेरून दिसणारा १७ अक्षरी क्रमांक टिपून घ्या. त्यावरून आणि मालकीचे कागद दाखवून कंपनीचे विक्रेते किल्ली कापून देऊ शकतात.

काका

*

प्रेषक: वेबसाइट सांभाळणारा
विषय: अ‍ॅप!

काकांच्या पाकिटातल्या किल्लीचा मान राखून: हल्लीच्या बऱ्याच गाड्या कंपनीच्या अ‍ॅपवरून उघडतात. दोन गोची आहेत. तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडीलाच नेटवर्क नसतं, आणि पुष्कळांची सेवा पहिल्या फुकट मुदतीनंतर बंद पडलेली असते, ती नेमकी त्या दिवशी कळते.

तिसरी गोची जास्त मजेची. फोनही आत राहिला म्हणून तुम्ही मित्राच्या फोनवरून लॉगिन करता, आणि ओटीपी जातो तुमच्या फोनवर. काचेतून तो उजळलेला दिसतोसुद्धा. म्हणून घरातल्या दुसऱ्या माणसाच्या फोनवरही अ‍ॅप चालू करून ठेवा आणि त्या माणसाचा नंबर पाठ करा. पाठ म्हणजे खरोखर पाठ.

*

प्रेषक: खजिनदार
विषय: रे: अ‍ॅप!

तांत्रिक बाजू काकांची. पैशांची माझी.

कुणालाही बोलावण्याआधी बघा की मदत आधीच विकत घेतलेली आहे का. विम्याच्या पॉलिसीत, नव्या गाडीच्या वॉरंटीत, कधी क्रेडिट कार्डाच्या सुविधांत रस्त्यावरची मदत असते. अनेकांकडे ती दोन-दोन ठिकाणी असते आणि ते तिसऱ्याला पैसे देतात. ती माणसाच्या नावावर आहे की गाडीच्या, तेही बघा. दुसऱ्याची गाडी चालवताना त्याने फरक पडतो.

यातलं काही नसेल तर किल्लीवाला. इथे डोकं थंड ठेवा. नेटवर शोधल्यावर सर्वांत वर येतो तो जवळचा असतो असं नाही, ती पुष्कळदा जाहिरात असते. ठरलेली चाल अशी: फोनवर फारच कमी रक्कम सांगायची, आल्यावर ‘हे कुलूप खास आहे’ म्हणत ड्रिल काढायचं आणि बिल कितीतरी पट करायचं. फोनवरच विचारा: दुकानाचं पूर्ण नाव काय, येण्याचं शुल्क धरून एकूण किती, कुलूप न मोडता उघडणार ना? नाव सांगायला टाळाटाळ झाली तर फोन ठेवा. आल्याबरोबर ड्रिलला हात घालणाऱ्याला तिथेच थांबवा. सराईत माणूस दाराच्या वरच्या कोपऱ्यात हवेची छोटी उशी फुगवून फट करतो आणि लांब सळईने आतलं बटण दाबतो. सळईने जमत नसेल तर कुलपाच्या भोकातूनच खास हत्याराने उघडतो.

तो तुमच्याकडे ओळखपत्र आणि गाडीचे कागद मागेल. रागावू नका, न मागणाऱ्याचीच भीती बाळगा. कागद गाडीत असतात, म्हणून त्यांचेही फोटो हवेत.

खजिनदार

*

प्रेषक: बालविभाग ताई
विषय: मूल आत असेल तर

वरचं सगळं वाचलं. एक प्रसंग कुणीच लिहिला नाही, म्हणून स्वतंत्र विषय काढते आहे.

आत मूल, आजारी माणूस किंवा प्राणी असेल तर वरचं काही करत बसू नका. अ‍ॅप नाही, किल्लीवाला नाही, ‘हे दहा मिनिटांत दुसरी किल्ली घेऊन येतात’ हे तर नाहीच. आधी तुमच्या देशाचा आपत्कालीन क्रमांक फिरवा: ११२, ९११, ९९९, ०००, जो असेल तो. उन्हातल्या बंद गाडीचं तापमान १० मिनिटांत साधारण १० अंश सेल्सिअसने चढतं, बाहेर हवा सुखद असली तरी. खिडकी बोटभर उघडी असल्याने फारसा फरक पडत नाही. लहान मुलाचं शरीर मोठ्यांपेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापतं.

मूल घामाने निथळत असेल, गळून पडलं असेल, हाकेला ओ देत नसेल, तर काच फोडा. मुलापासून सगळ्यात लांबची बाजूची काच निवडा. पुढची काच नको. तिच्या दोन थरांमध्ये चिकट पापुद्रा असतो, ती तडकते पण जागेवरच राहते. बाजूची काच सहसा टेम्पर्ड असते, तिच्या मधोमध नव्हे तर कोपऱ्यात टोकदार, कडक वस्तूने मारा म्हणजे तिचा चुरा होतो. काही नव्या गाड्यांत बाजूच्या काचाही पुढच्या काचेसारख्या दोन थरांच्या असतात. काचेच्या कोपऱ्यातल्या शिक्क्यावर ते लिहिलेलं असतं, आपल्या गाडीचं आजच वाचून ठेवा. हाताला जाडसर कापड गुंडाळा, तोंड वळवा.

लोक काय म्हणतील, काच किती महाग, गाडी दुसऱ्याची, हे विचार येतातच. येऊ द्यात.

ताई

*

प्रेषक: नवीन सभासद
विषय: रे: मूल आत असेल तर

ताई, धन्यवाद. आमच्याकडे वर्षाचं बाळ आहे, हा मेल घरात सर्वांना पाठवला.

एक शंका. आम्ही सध्या भाड्याची गाडी वापरतो. तिची किल्ली आत राहिली तर किल्लीवाल्याला बोलावलं तर चालतं का?

*

प्रेषक: गॅरेजवाले काका
विषय: रे: रे: मूल आत असेल तर

बाळ आत नसेल तर परस्पर बोलावू नका. आधी भाड्याने देणाऱ्या कंपनीला फोन करा. त्यांना न कळवता कुणी दाराला हात लावला आणि ओरखडा उठला, तर तो तुमच्या बिलात येईल. त्यांच्या मदतीचा क्रमांक अनेकदा किल्लीच्या बिल्ल्यावर छापलेला असतो, म्हणजे तोही आतच. करारावरून उतरवून पाकिटात ठेवा.

आणखी एक. पुष्कळ कंपन्या दोन्ही किल्ल्या एकाच तारेच्या कड्यात अडकवून देतात. कडं स्वतः कापू नका, त्याचेही पैसे लावतात. गाडी घेतानाच काउंटरवर विचारा, सुट्या करून मिळतात का. मिळाल्या तर एक वहिनींकडे द्या, आणि सामान भरताना कुणाची किल्ली कुठे आहे ते एकमेकांना विचारा.

काका