दुसऱ्या दिवशीही मऊ राहणारा घरचा केक : नाशिककरांनो, तुमचे अनुभव लिहा

गरम केक कुणाचाही मऊच लागतो. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, चहाबरोबर तुकडा कापताना. तेव्हाही तो ओलसर राहावा म्हणून तुम्ही काय करता ते सविस्तर लिहा. नुसती कृती नको, फरक कशाने पडला तेही सांगा. सुरुवात मी करते.

आमच्याकडे केक अंड्याशिवायचा, दह्याचा. एक कप दह्यात पाऊण कप साखर पूर्ण विरघळेपर्यंत फेटायची. त्यात सव्वा छोटा चमचा बेकिंग पावडर आणि अर्धा छोटा चमचा सोडा घालून पाच मिनिटं हात लावायचा नाही. दह्याच्या आंबटपणाने सोडा फुलतो आणि वर बारीक बुडबुड्यांचा फेस धरतो. तो फेस मला फार आवडतो, केक हलका होणार हे तिथेच कळतं. मग अर्धा कप बिनवासाचं तेल, व्हॅनिला, आणि चाळलेला दीड कप मैदा दोन-तीन वेळा विभागून. पीठ दिसेनासं झालं की लगेच थांबायचं. घोटत राहिलं की मैद्यातलं ग्लूटेन, म्हणजे पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन, ताणलं जातं. पुरणपोळीच्या कणकेला जी तार हवी, तीच केकला चिवट करते. ७ इंची डबा, १८० अंश, ३० ते ३५ मिनिटं.
(गंगापूर रोड)

ताई, कृती छान आहे, पण माझ्या मते केक मिश्रणात कमी आणि ओव्हनमध्ये जास्त बिघडतो. मी घरून केकच्या ऑर्डरी घेते. शिकायला येणाऱ्या बहुतेकींचा केक कोरडा होतो तो फक्त जास्त भाजल्यामुळे. ओटीजीच्या (घरगुती विजेच्या ओव्हनच्या) बटणावर १८० लिहिलंय म्हणजे आत १८० आहेच असं नाही. आत ठेवायचा छोटा थर्मामीटर मिळतो, तो घ्याच. कृतीतल्या वेळेच्या पाचेक मिनिटं आधीपासून तपासायला लागा. टूथपिकला दोन-चार ओलसर कण चिकटले, कडा डब्यापासून सुटायला लागल्या, की बाहेर. टूथपिक कोरडी ठक्क निघेपर्यंत थांबू नका, डब्याच्या उष्णतेने केक बाहेरही थोडा शिजतोच. दहा मिनिटांनी जाळीवर उलटा करा आणि पूर्ण गार झाला की लगेच डब्यात बंद करा. पंख्याखाली उघडा ठेवलेला केक तासाभरात वरून सुकतो.

आणखी एक, साखर. "गोड कमी करा" असं हल्ली सगळेच म्हणतात. पण साखर केकमधलं पाणी धरून ठेवते. थोडी कमी चालते, निम्मी केली तर केक कोरडाच होणार, मग दही-दूध किती का घाला.
(देवळाली कॅम्प)

आमच्याकडे ओव्हन नाही. जुन्या कुकरमध्ये तळाला मीठ, त्यावर स्टँड. शिट्टी आणि रिंग काढून झाकण लावायचं, दहा मिनिटं तापवायचं, मग डबा ठेवून मंद आच. पाणी घालायचं नाही. पाऊण तास लागतो, पण केक उत्तम होतो. झाकणाखाली वाफ राहते म्हणून वरचा भाग मऊच राहतो, फक्त खरपूस तांबूस रंग येत नाही.
(सिडको)

थंडीत काय करता? डिसेंबर-जानेवारीत लोणी दगडासारखं होतं, फेटलं तरी हलकं होत नाही.
(नाशिकरोड)

नाशिकरोड, बारीक तुकडे करून कोमट पाण्यावरच्या वाटीत ठेवा, पण वितळू देऊ नका. दूध आणि अंडी तासभर आधी फ्रिजबाहेर काढा, नाहीतर मिश्रण फाटतं. थंडीत मी सरळ तेलाचाच केक करते. लोणी गारठ्यात घट्ट होतं, म्हणून केकही घट्ट लागतो. तेल पातळच राहतं.
(गंगापूर रोड)

रव्याचा केक कुणीच लिहिला नाही! सासूबाईंची पद्धत : बारीक रवा, दही, साखर आणि साजूक तूप एकत्र करून अर्धा तास झाकून ठेवायचं. रवा दही पितो, मग घट्ट वाटलं तर दूध. सोडा अगदी शेवटी, डबा तापल्यावरच. आधी घातला तर जोर निघून जातो. त्या अर्ध्या तासाची घाई केली तर केक दाताखाली कचकचतो.
(पंचवटी)

नागलीचा (नाचणीचा) केक करणाऱ्यांसाठी : पेठ-सुरगाण्याकडची नागली आमच्याकडे नेहमी येते. पण तिच्यात ग्लूटेन नाही, म्हणून नुसत्या नागलीचा केक भुसभुशीत होऊन हातात तुटतो. मी निम्मी नागली, निम्मी कणीक घेते. शिवाय एक पिकलेलं केळं कुस्करून घालते, त्याने ओलावा राहतो आणि पीठही बांधलं जातं. कोको घातलात तर मुलांना नागली कळतही नाही.
(म्हसरूळ)

आमच्या भागात बेदाण्याला तोटा नाही. संत्र्याच्या रसात रात्रभर भिजवून, निथळून, चमचाभर मैद्यात घोळवून घाला. मिश्रण घट्टसर असेल तर तळाला बसत नाहीत. उरलेला रस टाकू नका, केक कोमट असताना टूथपिकने टोचून चमच्याने वरून सोडा. दुसऱ्या दिवशी हा केक पहिल्या दिवसापेक्षा चांगला लागतो. खजूर घालून असाच कुणी केला असेल तर लिहा, मला करून बघायचाय.
(पिंपळगाव बसवंत)