‘शब्द’ म्हणजे आवाज : चूक की जुना अर्थ?

निपाणीहून प्रश्न

माझी लेक सहावीत, मराठी माध्यमात. विज्ञानाच्या वहीत तिनं लिहिलं : ‘लोखंडातून शब्द हवेपेक्षा लवकर जातो.’ बाईंनी ‘शब्द’वर लाल रेघ ओढून ‘ध्वनी’ केलं आणि बाजूला ‘कानडी वापर’ असा शेरा दिला. लेक म्हणते, आजी तर रोजच म्हणते की, ‘कुठनं शब्द येतोय बघ गं.’ मी स्वतः पोरांना ‘शब्द करू नका’ असंच दटावते. आमचं चुकतंय का ओ?

बेळगावहून

बाईंना तसं का वाटलं ते कळतं. कानडीत गोंगाट करू नका म्हणायला ‘शब्द माडबेडी’ म्हणतात. आपण ज्याला ध्वनिप्रदूषण म्हणतो ते तिकडं ‘शब्द मालिन्य’. तेव्हा सवय कानडीच्या सहवासानं टिकली हे खरं असेल. पण शब्द काही कानडीचा नव्हे ताई, दोन्ही भाषांनी तो संस्कृतातूनच घेतला.

खानापूरहून

ताई, आजी बरोबर आहेत. पाच ज्ञानेंद्रियांचे पाच विषय आठवा : शब्द, स्पर्श, रूप, रस, गंध. इथं शब्द म्हणजे कानाचा विषय, कानावर पडणारं सगळं. मग ते बोलणं असो, ढोल असो की भांडं पडल्याचा आवाज. दशरथाचा शब्दवेधी बाण घ्या. श्रावण एक अक्षर बोलला नव्हता. घागर बुडताना पाण्याचा जो बुडबुड आवाज झाला त्याच्या रोखानं बाण सुटला. मराठीत हा अर्थ बाहेरून आलेला नाही. प्रमाण मराठीत तो मागं पडला, आपल्याकडं राहिला, एवढंच.

आवाज कसा पसरतो याचा विचारही जुन्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांनी, याच शब्दानं केला. ढोलावर टिपरी पडली की पहिला शब्द उपजतो, त्यातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा, आणि कानाच्या पोकळीत उपजलेला शेवटचा शब्द आपण ऐकतो. त्याला दोन दृष्टान्त दिले. एक वीचीतरंगन्याय : तळ्यात खडा टाकल्यावर एकातून एक वाढत जाणारी वर्तुळं. दुसरा कदंबगोलकन्याय : कदंबाच्या गोंड्यासारखा सगळ्या दिशांना एकदम फुटणारा. (हलशीला राज्य केलेल्या कदंबांच्या नावातलंच हे झाड.) मला दुसरा दृष्टान्त जास्त पटतो, कारण आवाज तळ्याच्या पाठीसारखा सपाट पसरत नाही, वर-खाली-चौफेर जातो. मात्र शब्द हा आकाशाचा, म्हणजे पंचमहाभूतांतल्या आकाशतत्त्वाचा गुण, हे त्यांचं म्हणणं आज टिकत नाही. हवा काढून घेतलेल्या बरणीतली घंटा ऐकू येत नाही. आवाजाला हवा, पाणी, लोखंड असं काहीतरी लागतंच. आकाशवाणीच्या लहरींना ते लागत नाही, कारण त्या उजेडाच्या जातीच्या. मोकळ्या पोकळीतून सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर जातात. आकाशवाणी हे नावही रेडिओला पहिल्यांदा १९३५ साली म्हैसूरच्या केंद्रासाठी वापरलं गेलं.

माझं मत विचाराल तर परीक्षेत ‘ध्वनी’च लिहावं, ती परिभाषा आहे. पण ‘कानडी वापर’ हा शेरा मला मान्य नाही.

चिकोडीहून

त्या वाक्यापाठोपाठ याहून घोटाळ्याचा एक शब्द पुढं येणार आहे, ‘घन’. लोखंडातून आवाज लवकर का जातो विचारलं की पोरं सांगतात, ‘ते घन आहे म्हणून.’ कानडीत घन म्हणजे स्थायू. मराठीत घनता म्हणजे ठरावीक जागेत किती वस्तुमान. दोन्ही एक झाले की पोरं समजतात, जड वस्तूतून आवाज वेगानं जातो. तसं नाही. शिसं लोखंडापेक्षा जड, तरी त्यातला वेग लोखंडातल्या वेगाच्या निम्म्याहूनही कमी. खरं कारण ताठपणा. एक कण ढकलला की शेजारच्याला तो धक्का किती झटक्यात पोचतो, यावर वेग ठरतो. जडपणा उलट वेग कमी करतो. लोखंड जड असूनही इतकं ताठ की वेग सेकंदाला ५००० मीटरच्या वर जातो. पाण्यात सुमारे १४८०, आणि हवेत २० अंशांना ३४३. पुस्तकात याला स्थितिस्थापकता म्हणतात, पण पोरांना ‘ताठ’ लगेच कळतं. मी शिकवताना तोच वापरतो.

निपाणीहून

सर, काल उसाच्या कडेला उघड्यावर असलेल्या लोखंडी पाइपला लेकीनं कान लावला. शंभरेक मीटरवरून तिच्या बाबांनी दगडानं एकदा ठोकलं. तिला दोन ठोके ऐकू आले, पहिला पाइपातनं, दुसरा हवेतनं. आजी विचारतात, मडकं वाजवून घेतात त्यातलं ‘बद्द’ मग काय?

खानापूरहून

आमच्याकडं कुंभार बोटाच्या पेरानं वाजवूनच देतो. भाजलेलं सलग मडकं सगळं मिळून कंप पावतं आणि खणखणीत बोलतं. तडा असला की त्या फटीत हवा. लहर तिथं येऊन बरीचशी माघारी फिरते, तड्याच्या कडा एकमेकींवर घासून उरलेला कंप मारतात, आणि आवाज उठायच्या आत बसतो. तेच ‘बद्द’. आजींना सांगा, नारळालाही आम्ही हेच म्हणतो. त्यांच्याकडं दुसरा शब्द असेल तर इथं लिहा.