'आडवा अक्ष', 'क्ष-अक्ष' की आणखी काही? एक्सेलमधल्या आलेखासाठी शब्द हवा

प्रश्न : नववीच्या मुलांसाठी एक्सेलमध्ये आलेख कसे काढायचे याचं टिपण मराठीत लिहिते आहे. 'हॉरिझाँटल अ‍ॅक्सिस'ला काय म्हणू? 'क्षैतिज' मुलांना परका वाटतो. दुसरी अडचण अशी की वर्ष आणि लोकसंख्या असे दोन रकाने निवडून लाइन चार्ट घेतला की वर्षांचीही वेगळी रेघ उमटते आणि खाली १, २, ३ येतं. हे कोणत्या शब्दांत समजवावं?

उत्तर : सरळ 'आडवा अक्ष' आणि 'उभा अक्ष' म्हणा. 'क्षितिजसमांतर' भूमितीत ठीक आहे, पण सूचनेच्या वाक्यात फार लांब पडतो. 'क्ष-अक्ष' जुन्या पुस्तकांतला, मुलांच्या कानावर हल्ली 'एक्स-अक्ष'च असतो.

उत्तर : 'आडवा' सोपा आहे हे मान्य, पण तो फक्त जागा सांगतो, काम सांगत नाही. एक्सेलमध्ये आडव्या पट्ट्यांचा बार चार्ट काढून बघा. गावांची नावं उभ्या अक्षावर जातात आणि आकडे आडव्यावर येतात. तरीही 'सिलेक्ट डेटा'च्या खिडकीत नावांच्या चौकटीवर 'हॉरिझाँटल'च लिहिलेलं असतं. मुलं तिथेच गोंधळतात. म्हणून टिपणात दोन शब्द वेगळे ठेवा असं मी आग्रहाने सांगेन : 'नावांचा अक्ष' आणि 'प्रमाणाचा अक्ष'. 'कॅटेगरी'साठी 'वर्ग' हा शब्द टाळा, कारण तो ऐकला की मुलांना इयत्ता आठवते, नाहीतर पाचाचा वर्ग पंचवीस.

'प्रमाण' मुद्दाम घेतला आहे. आलेखकागदाच्या उजव्या कोपऱ्यात 'प्रमाण : एक्स-अक्षावर १ सेमी = १० वर्षे' असं लिहायची सवय प्रत्येक मराठी शाळेत लावतात. लाइन चार्टच्या आडव्या अक्षाला हे प्रमाणच नसतं. तिथे १९०१ ही संख्या नसून नुसती पाटी असते, आणि पाट्या सारख्या अंतरावर लागतात.

भारताच्या जनगणनेचे आकडे घ्या, कोटींमध्ये : १९०१ ला २३.८, १९५१ ला ३६.१, १९९१ ला ८४.६, २००१ ला १०२.९, २०११ ला १२१.१. लाइन चार्टमध्ये १९५१ ते १९९१ ही ४० वर्षं आणि १९९१ ते २००१ ही १० वर्षं सारख्याच रुंदीत बसतात. त्यामुळे मधला चढ उभ्या कड्यासारखा दिसतो आणि १९९१ नंतर वाढ एकदम मंदावल्याचा भास होतो. आता तेच आकडे स्कॅटर चार्टमध्ये (दोन्ही अक्षांवर प्रमाण असलेला बिंदूंचा आलेख) टाका, बिंदू रेषांनी जोडलेला प्रकार घ्या. १९५१ ते १९९१ दर दशकाला सरासरी १२ कोटींची भर, नंतरच्या दोन्ही दशकांत १८-१८ कोटींची. म्हणजे सर्वांत तीव्र चढ शेवटच्या दोन दशकांतला! आकडे तेच, निष्कर्ष मात्र उलटा. आलेख वाचणाऱ्याची यात सरळ फसवणूक होते, म्हणून ही गोष्ट मुलांना दाखवलीच पाहिजे.

वर्षांच्या रेघेचं कारण साधं आहे. दोन्ही रकान्यांत संख्या आणि दोन्हींना मथळा, म्हणून एक्सेल दोन्हींना माहिती समजतं. आलेख घालण्यापूर्वी वर्षाच्या रकान्याचा मथळा रिकामा ठेवला तर बहुधा काम होतं. आलेख आधीच काढला असेल, तर त्यावर उजवी क्लिक, 'सिलेक्ट डेटा', डावीकडच्या यादीतून 'वर्ष' काढून टाकायचं, उजवीकडे 'एडिट' दाबून वर्षांचे कप्पे (सेल) निवडायचे. मात्र याने पाट्या बरोबर लागतात, प्रमाण येत नाही. वर्षं असमान अंतरावर असतील तर स्कॅटरच हवा.

प्रश्न : मग तारखांचं काय? पावसाच्या नोंदींत मधले दिवस गाळलेले असतात, तरी लाइन चार्टमध्ये त्यांची जागा मोकळी सुटलेली दिसली.

उत्तर : कप्प्यातली तारीख एक्सेलने तारीख म्हणून ओळखली, तर लाइन चार्टलाही तारखांचा अक्ष मिळतो आणि तो प्रमाणबद्ध असतो. '१५.०७.२०२३' असे ठिपके देऊन लिहिलं तर बहुतेक वेळा तो नुसता मजकूर ठरतो आणि पुन्हा सारख्या अंतराच्या पाट्या. ओळखायची खूण : कप्प्याला संरेखन (डावीकडे, मध्ये की उजवीकडे) दिलेलं नसेल तर मजकूर डावीकडे चिकटतो, खरी तारीख उजवीकडे.

प्रश्न : 'नावांचा' आणि 'प्रमाणाचा' घेते. तक्त्यातल्या 'कॉलम'ला स्तंभ लिहू का?

उत्तर : नको. मुलांनी जोडस्तंभालेख, विभाजित स्तंभालेख आधीच शिकलेले असतात, स्तंभ तिथल्या खांबांसाठीच राहू द्या. तक्त्यात रकाना आणि ओळ. तुमच्या प्रश्नात तुम्ही स्वतःच 'रकाने' लिहिलंय, तोच ठेवा.