मदत हवी आहे: तेलाच्या कोठीखालचा काटा दुपारी तेल कमी दाखवतो

राम राम मंडळी. हिंगणघाट तालुक्यात आमचा लाकडी घाणा आहे. शेंगदाणा, जवस, तीळ. तेल ५० लिटरच्या स्टीलच्या कोठ्यांत निवळतं, मग बाटल्या भरतो. कोणत्या कोठीत किती उरलं, हे बाबा आजही बांबूची काडी बुडवून सांगतात. मला ते मोबाईलवर पाहिजे होतं.

म्हणून प्रत्येक कोठीखाली प्लायची फळी, तिच्या चार कोपऱ्यांना बाथरूम काट्यातले ५० किलोचे लोड सेल (वजन मोजणारे सेन्सर), सोबत त्यांचा सिग्नल आकड्यात बदलणारी एचएक्स७११ चिप आणि तो आकडा मोबाईलला पाठवणारा ईएसपी३२ वायफाय बोर्ड. ध्वनिलहरींनी पातळी मोजणाऱ्या अल्ट्रासोनिक सेन्सरसाठी झाकणाला भोक पाडावं लागतं, खायच्या तेलात ते नको वाटलं.

पहिली फजिती लाइनीनं केली. गेली, आली, आणि भरलेली कोठी शून्य! बोर्ड सुरू होताच काटा शून्य करणारी ओळ कोडमध्ये होती. आता शून्याचा आकडा मेमरीत ठेवलाय, ते मिटलं. लिटरचा हिशेबही चुकत होता. जवसाचं तेल लिटरला साधारण ९३० ग्रॅम, शेंगदाण्याचं ९१५ च्या आसपास, मी दोन्हीला एकच आकडा लावला होता.

सुटत नाही ते हे: सकाळी ३८ लिटर दाखवणारी कोठी नळाला हात न लावता दुपारी ३७.२ वर येते. वर टिनाचं छत, खोलीची भट्टी होते. संध्याकाळी आकडा थोडा चढतो, पण सकाळच्या जागी येत नाही. बाबा काडी बुडवतात अन् हसतात. सेल बदलू, की कोडमध्ये तापमानाची दुरुस्ती टाकू? (विक्री शिक्क्याच्या काट्यावरच होते, हे फक्त साठ्यापुरतं.)

प्रतिसाद: भाऊ, कोड राहू द्या, आधी फळी उलटी करा. या सेलची मधली जीभ मोकळी वाकली पाहिजे. ती प्लायला टेकली असेल तर आकडा भटकणारच. मग तेलाऐवजी सीलबंद डबा ठेवून दोन दिवस आकडे लिहा. त्याचाही आकडा हलला तर दोष उन्हाचा. आणि दुपारी काडीही खरं बोलत नाही. दहा अंश तापलं की तेल शेकडा पाऊणच्या आसपास फुगतं, तुमच्या ३८ लिटरला पाव लिटर जास्तच दाखवेल.

मूळ धागाकर्ता: उलटी केली. दोन जिभा माझ्याच गोंदानं प्लायला चिकटल्या होत्या. सागवानाचे ठोकळे कोरून सेल त्यांत बसवतो, डब्याचे आकडे इथंच टाकतो. काडीचं बाबांना अजून सांगितलं नाही.