पावसाच्या आधी कुठली कामं आवरू आणि कुठली थांबवू? घरच्या कॉन्ट्रॅक्टच्या धंद्याचा पसारा हाताबाहेर गेलाय (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या.

आमचा घरचाच बांधकामाचा धंदा आहे, कणकवली-देवगड पट्ट्यात. सासरे (बाबा) मूळचे गवंडी, चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) कामात त्यांचा हात धरणारा आजूबाजूच्या गावांत कोणी नाही. नवरा साईट बघतो, दीर सेंट्रिंग (स्लॅबचे साचे आणि टेकू) आणि टेम्पो, आणि मस्टर, बिलं, जीएसटी, उधारी, गिऱ्हाइकांचे फोन हे सगळं माझ्याकडे. फोन म्हणजे मुख्यतः मुंबईकर. सकाळी लोकल पकडायच्या आधी एकाचा, "वहिनी, काल फोटो नाही आले", रात्री जेवताना दुसऱ्याचा, "गणपतीला आम्ही पन्नास माणसं येणार, बाथरूम तरी झालं पायजे हां". माणूस वाईट नसतो हो कोणी, पण प्रत्येकाला वाटतं आपलं एकट्याचंच काम चालू आहे.

सध्या आठ-नऊ ठिकाणी काम "चालू" आहे. म्हणजे एकाचं जोतं होऊन पडलंय, एकाचं लिंटेलपर्यंत आलंय, दोन ठिकाणी स्लॅब झालाय पण गिलावा नाही, एका होमस्टेवाल्याला मांगर (शेतावरची खोपी) पाडून दोन खोल्या हव्यात, कोणाचा नुसता गडगा (दगडी कुंपण), आणि एका ठिकाणी तर कौलं उतरवून ठेवलीत आणि वासे उघडे. त्या घरातली आजी पडवीत ताडपत्रीखाली झोपते. परवा वळवाचे चार थेंब पडले तर फोनवर काही बोललीच नाही, नुसतं "पाऊस इलो गो" म्हणून ठेवून दिला. त्यापेक्षा शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

माणसांचं गणित तर विचारूच नका. गावची माणसं शिमग्याला गेली ती परत येईतो आंबा सुरू झाला, बागेत मजुरी चांगली मिळते आणि वर जेवण, मग इकडे चिरे उचलायला कोण येतंय. विजापूरकडची जोडी मे महिन्यात लग्नाजत्रांना गावी जाणार हे ठरलेलंच. आणि मृग लागला की जे उरलेत ते लावणीला. सेंट्रिंगचा सेट आमचा एकच, मोठ्या गाळ्याचा स्लॅब टाकला की 14 दिवस तरी टेकू काढायचे नाहीत, बाबा तर वर अजून आठवडाभर ठेवतात (आणि बरोबरच करतात), तोवर प्लेटा तिथेच अडकून. भाड्याने आणायच्या तर एप्रिल-मेमध्ये सगळ्या सिंधुदुर्गाला एकदमच हव्या असतात.

त्यात चिरा. पावसात खाणीत पाणी भरतं, काम बंद, म्हणून पुढच्या चार महिन्यांचा माल आत्ताच आणून ठेवावा लागतो. तो येतो कोणाच्या पैशातून, तर ज्याचा अॅडव्हान्स हातात असेल त्याच्या. म्हणजे अ च्या पैशाचे चिरे ब च्या अंगणात, आणि ब चे पैसे क च्या सळ्यांत. वहीत मला सगळं दिसतं पण तोंडी विचारलं तर बाबा म्हणतात "माझ्या ध्यानात आसा". असतंही त्यांच्या ध्यानात, हीच तर पंचाईत आहे, त्यांना बरं नसलं की कोणालाच काही माहीत नसतं.

मी एक केलं. वहीत दोन भाग पाडले, पावसाच्या आधी झालीच पाहिजेत अशी (छप्पर, बाहेरचा गिलावा, जोतं भरणं) आणि पावसातही आतल्या आत करता येतील अशी (लाद्या, आतला रंग, वायरिंग, प्लंबिंग). नवऱ्याला पटलं. बाबांनी मान डोलावली आणि त्याच संध्याकाळी आणखी एका बंगल्याचा बयाणा घेऊन आले. विचारलं तर म्हणे, "गावातलो माणूस दारात इलो, तेका नाय कसा म्हणतलंय?" यावर काय बोलणार. मे 2021 ला तौक्ते वादळात लोकांचे पत्रे उडाले तेव्हा बाबांनी कित्येकांना उधारीवर छप्पर घालून दिलं, आज जी कामं येतायत ती त्याच पुण्याईवर. त्यामुळे त्यांना चूक म्हणायला माझी जीभ रेटत नाही, पण नवरा रात्री झोपेत पण खडी किती ब्रास ते बडबडतो ही काय जगायची रीत झाली का.

डिप्लोमा झालेला एखादा पोरगा सुपरवायझर म्हणून ठेवावा का? की दोन कामं दुसऱ्या मिस्त्रीला सबमध्ये (पोटकंत्राटात) द्यावी? नाव आमचं जाणार आणि गिलाव्याला भेगा त्याच्या, ही भीती आहे. कोणी असं केलं असेल तर रेट कसा ठरवला, मालासकट दिलं की नुसतं लेबर, ते सांगा.

प्रतिसाद वाचून भर घालतेय: कामाची नोंद ठेवायला अॅप सुचवणाऱ्यांना धन्यवाद, पण आमच्या निम्म्या साईटवर रेंजच नाही. जीएसटीचं ज्यांनी लिहिलंय ते कामाचं वाटतंय, दर महिन्याला रिटर्नसाठी 11 आणि 20 तारखेची धावपळ करण्यापेक्षा तिमाही रिटर्न (5 कोटी उलाढालीपर्यंत चालतं, टॅक्स मात्र महिन्याला भरायचा), सीएंना विचारते. घरमालक 18 टक्के ऐकूनच "रोखीत घ्या ना" म्हणतात तो वेगळाच विषय.

आजीचं छप्पर उद्यापासून पहिलं, एवढं नवऱ्याने आणि मी ठरवलंय, बाबाही काही बोलले नाहीत. आता प्रश्न त्या नव्या बंगल्याचा. बयाणा परत द्यायचा झाला तर त्या पैशाचे चिरे आधीच येऊन पडलेत, त्याच्याच अंगणात. ते उचलून दुसऱ्या साईटला नेले तर गावात बोंब होईल, आणि तिथेच ठेवले तर काम आमचंच असं तो धरून चालणार. दिवाळीनंतर सुरू करतो असं स्पष्ट लिहून दिलं तर लोक थांबतात का? तुमच्याकडे असं कोणी थांबलंय?