मदत हवी आहे: दाजींच्या पॅनवर भलत्याच कुणाचं कर्ज

नमस्कार मंडळी. आमचे दाजी तासगावजवळ द्राक्षं करतात. पीककर्जाला बँकेत गेले तर साहेब म्हणाले, सिबिल (कर्जफेडीची नोंद) खराब आहे. रिपोर्ट काढला, तर त्यात एका ॲपवरची दोन थकीत कर्जं. पत्ता दिल्लीकडचा, मोबाईल नंबर अनोळखी, फक्त नाव आणि पॅन दाजींचं. माणूस कधी मिरजेच्या पलीकडे फारसा गेलेला नाही! वर वसुलीवाले ताईला फोन करून वाट्टेल ते बोलतात.

१९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार दिली, आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं. जीएसटीच्या साइटवर पॅन टाकूनही पाहिलं, कारण असल्या चोरीच्या पॅनवर बोगस फर्म काढून खोटी बिलं फाडतात. तिथं काही निघालं नाही, नशीब.

आता कर्ज देणारी कंपनी म्हणते एफआयआर आणा, आणि ठाण्यात नुसत्या अर्जावर शिक्का मारून पोच दिली. सिबिलकडे तक्रार केली की ३० दिवसांत निकाल, नाहीतर दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण कंपनी ‘कर्ज खरंच आहे’ असंच कळवत राहिली तर? रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे कुणी गेलंय का? सांगली-मिरजेत यातला जाणकार वकील असेल तर सुचवा. ऑक्टोबर छाटणी तोंडावर आलीय, औषधांना पैसे लागतात.