व्हिमची स्टेटसलाइन: जे नेहमीचंच आहे ते तिथे कशाला?

काळीपाटी (धागाकर्ता)

माझं म्हणणं सरळ आहे. स्टेटसलाइनवर, म्हणजे व्हिम या एडिटरच्या खालच्या माहितीच्या पट्टीवर, तेच असावं जे आत्ता नेहमीपेक्षा वेगळं आहे. बाकी सगळं काढून टाकावं.

निओव्हिमवर (व्हिममधूनच निघालेला एडिटर) लुआलाइन हे पट्टीचं प्लगिन टाकलं की काहीही न करता मिळतं ते असं: मोड (टायपिंग चालू आहे की आज्ञा), ब्रँच (बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमधली कामाची शाखा), बदललेल्या ओळींचे आकडे, फाइलचं नाव, मग उजवीकडे यूटीएफ-8 (अक्षरं साठवायची पद्धत, म्हणजे एन्कोडिंग), ओळींचे शेवट युनिक्स पद्धतीचे आहेत हे सांगणारा पेंग्विन, भाषेचं चिन्ह, टक्केवारी, ओळ आणि स्तंभ. यातले यूटीएफ-8 आणि पेंग्विन आमच्याकडे जवळपास प्रत्येक फाइलला तेच असतात. जी खूण कधी हलत नाही तिच्याकडे बघणं डोळे सोडून देतात. मग ज्या दिवशी ती खरोखर बदलते, त्या दिवशीही ती दिसत नाही.

विंडोजवर सेव्ह झालेली शेल स्क्रिप्ट (आज्ञांची फाइल) घ्या. सगळ्या ओळींच्या शेवटी सीआर-एलएफ (विंडोजची दोन अक्षरी खूण, युनिक्समध्ये नुसतं एलएफ) असेल तर व्हिम तिला 'डॉस' प्रकारची समजतो आणि ते जादा अक्षर दाखवतच नाही. फाइल उघडताना खाली चौकटी कंसात 'डॉस' येऊन जातं, पुढच्या संदेशाने पुसलंही जातं. तीच स्क्रिप्ट लिनक्सवर थेट चालवली की पहिल्याच ओळीवर अडकते, कारण कर्नेल (लिनक्सचा गाभा) स्क्रिप्ट चालवणारा 'बॅश' नव्हे, तर 'बॅश'पुढे सीआर चिकटलेल्या नावाचा प्रोग्रॅम शोधत बसतो. एडिटरमध्ये बघावं तर पहिली ओळ निर्दोष! इथे स्टेटसलाइनने बोंब मारायला हवी. पेंग्विनच्या जागी विंडोजचं इवलंसं चिन्ह त्याच रंगात आलं, तर कोण बघणार?

म्हणून माझ्याकडे फाइल-फॉरमॅट युनिक्स असेल तर तिथे काहीच छापलं जात नाही. नसेल तर लाल पट्ट्यावर 'डॉस'. एन्कोडिंगचंही तसंच. बाकी पट्टीच्या सेटिंगमधल्या खुणा: टक्का-एफ म्हणजे फाइलचा मार्ग, टक्का-एम म्हणजे सेव्ह न झालेल्या बदलांचं अधिक चिन्ह, टक्का-आर म्हणजे फक्त वाचण्यासाठी, टक्का-बरोबर म्हणजे इथून पुढचं उजवीकडे, आणि ओळ-स्तंभ. मार्गाच्या आधी टक्का आणि डावा कोन टाकलाय, त्यामुळे विंडो अरुंद झाली की मार्गाची सुरुवात कापली जाते, फाइलचं नाव शाबूत राहतं. मोड व्हिम स्वतःच तळाला लिहितो. प्लगिन नाही, वेगळा फॉण्ट नाही. ब्रँचही नाही, ती टर्मिनलच्या प्रॉम्प्टवर (आज्ञा टाइप करायच्या ओळीवर) असतेच.

ज्यांची पट्टी भरगच्च आहे त्यांनी सांगावं, त्यातलं काय वाचून तुम्ही शेवटचं काही वेगळं केलंत?

रानवाट

ब्रँचबद्दल अजिबात सहमत नाही.

प्रॉम्प्ट तुम्ही ज्या फोल्डरमधून एडिटर सुरू केलात तिथली ब्रँच सांगतो, आणि तीही सुरू केलात त्या क्षणाची. व्हिम पूर्ण पडद्यावर असताना तो दिसतही नाही. माझ्याकडे एकाच रेपॉझिटरीचे (प्रकल्पाच्या कोडसंग्रहाचे) दोन वर्कट्री, म्हणजे वेगवेगळ्या ब्रँचचे फोल्डर, उघडे असतात, डावीकडे रिलीज ब्रँच, उजवीकडे चालू काम, आणि दोन्हीकडे त्याच नावाची फाइल. अशा वेळी ब्रँचचं नाव प्रत्येक विंडोखाली हवंच. ते 'नेहमीचं' नाही, दिवसातून कितीदा तरी बदलतं, म्हणजे तुमच्याच कसोटीला उतरतं.

काळीपाटी

वर्कट्रीचा मुद्दा रास्त आहे. पण मग ब्रँच मेन किंवा रिलीज असेल तेव्हाच दाखवूया, कारण चुकून हात लागला तर तिथेच महागात पडतं.

शिवाय लोक ब्रँचवर थांबत नाहीत. ब्रँचचं नाव काढणं स्वस्त आहे, हेड नावाच्या फाइलमधली एक ओळ वाचायची. फाइल्समध्ये काय बदललं हे विचारायला मात्र गिटला सगळी झाडं पालथी घालावी लागतात. टक्का आणि महिरपी कंसात लिहिलेलं फंक्शन पट्टी रंगवताना दर वेळी चालतं, विंडो चार असतील तर चौघींसाठी. मोठ्या रेपॉझिटरीत असं काही तिथे थेट टाकलं की कर्सर अडखळायला लागतो, आणि लोक दोष देतात व्हिमला. टाकायचंच असेल तर बफरच्या (उघडलेल्या फाइलच्या) चलात साठवा आणि फाइल सेव्ह केल्यावर किंवा बफर बदलल्यावरच पुन्हा काढा.

रानवाट

साठवण्याबद्दल शंभर टक्के सहमत. पण 'धोका असेल तेव्हाच दाखवा' यालाच माझा आक्षेप आहे. पट्टीवर ब्रँच नाही, याचा अर्थ मी सुरक्षित ब्रँचवर आहे, की ही फाइल गिटमध्येच नाही, की प्लगिन अपडेटनंतर ते फंक्शनच बंद पडलंय? तिन्ही वेळा तुमची पट्टी सारखीच दिसणार. तुमच्या 'डॉस'चंही तेच. जी खूण फक्त संकटात उगवते, ती चालू आहे की नाही हे संकट येईपर्यंत कळत नाही. मला रोज तोच पेंग्विन दिसला तरी चालेल, निदान यंत्रणा जिवंत आहे हे कळतं.

वाफाळता

इमॅक्स या दुसऱ्या एडिटरवाल्याने मध्ये बोलावं का? या भांडणाचं बरंचसं उत्तर इमॅक्सच्या मूळ मोडलाइनमध्ये (तिथल्या स्टेटसलाइनमध्ये) आहे.

डाव्या टोकाला एन्कोडिंगसाठी एक अक्षर, यूटीएफ-8 ला रोमन यू. त्याला लागून ओळीच्या शेवटाची खूण: युनिक्स असेल तर नुसता कोलन, डॉस असेल तर कंसात अख्खा शब्द. मग बदलांसाठी दोन जागा: काही बदललं नसेल तर दोन आडव्या रेघा, बदललं असेल तर दोन तारका, फक्त वाचण्यासाठी असेल तर दोन टक्के. प्रत्येक गोष्टीची जागा ठरलेली आणि ती कधी रिकामी नसते, म्हणजे रानवाट यांची शंका मिटली. नेहमीचं असेल तेव्हा खूण एवढीशी, वेगळं असेल तेव्हा ती ठळक होते, म्हणजे काळीपाटी यांचंही समाधान. आणि त्या कोलनवर माउसने क्लिक केलं की ओळीच्या शेवटाचा प्रकार बदलतो.

इमॅक्सचं बिघडतं ते मायनर मोडच्या (चालू असलेल्या जादा सोयींच्या) यादीत. प्रत्येक पॅकेज आपलं नाव कंसात घुसवतं आणि त्यांच्या पुढचं जे काही असेल ते पार पलीकडे ढकललं जातं. मी डिमिनिश हे नावं लपवणारं पॅकेज लावून बहुतेक नावं घालवली आहेत.

जोडाक्षर

मला उलट पट्टीवर अजून गोष्टी हव्या आहेत. मी मराठी भाषांतराच्या फाइल्स तपासतो.

तुम्ही सगळे 'ओळ-स्तंभ' असं सहज म्हणून गेलात. कुठला स्तंभ? ओळीच्या सुरुवातीला 'नमस्कार' लिहून कर्सर त्याच्या पुढच्या जागेवर न्या. टक्का-सी 22 दाखवेल, कारण तो बाइट मोजतो: शब्दात सात युनिकोड चिन्हं, यूटीएफ-8 मध्ये प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे 21. टक्का-व्ही पडद्यावरचा स्तंभ सांगतो, तो आकडा वेगळा. लँग्वेज सर्व्हर (एडिटरला त्रुटी दाखवणारा वेगळा प्रोग्रॅम) मुळात यूटीएफ-16 या एन्कोडिंगची एककं मोजतो, त्याच्या हिशोबाने हा शब्द सातच. त्रुटीचा संदेश अमुक स्तंभ म्हणतो तेव्हा तो कुठल्या मापाने म्हणतो हे कळायला मला दोन्ही आकडे शेजारी शेजारी लागतात.

दुसरं, टक्का आणि मोठा बी. हा कर्सरखालच्या चिन्हाचा युनिकोड क्रमांक हेक्समध्ये दाखवतो. 'दुसऱ्या' हा शब्द काहीजण नुक्त्याच्या ऱ ने लिहितात, क्रमांक 931, तर काहीजण साध्या र ने, क्रमांक 930, पुढे हलन्त आणि शून्य रुंदीचा जोडक. फॉण्ट चांगला असेल तर दोन्ही दिसायला सारखेच, पण एक शोधलं तर दुसरं सापडत नाही. अशा फाइलमध्ये ते आकडी-अक्षरी क्रमांक माझ्यासाठी ब्रँचपेक्षा मोलाचे आहेत. काळीपाटी यांची पट्टी इंग्रजीतून कोड लिहिणाऱ्याची आहे.

पाणकावळा

मला लाल-हिरवा भेद नीट कळत नाही. मोड बदलला की पट्टीचा नुसता रंग पालटणाऱ्या थीम माझ्या काही कामाच्या नाहीत. धाग्यातल्या 'लाल पट्ट्यावर डॉस'मध्ये शब्दही आहे, म्हणून ते मला चालतं. पॉवरलाइनचे (सजवलेल्या पट्टीच्या प्लगिनचे) बाण आणि चिन्हं युनिकोडच्या खासगी वापराच्या पट्ट्यात बसवलेली असतात, तो फॉण्ट नसलेल्या मशीनवर त्यांच्या जागी रिकामे चौकोन येतात. स्क्रीन रीडरलाही त्या चिन्हांना नाव नाही. कृपया अक्षरं लिहा.

काळीपाटी

जोडाक्षर, मान्य, पण ते फाइलच्या प्रकारानुसार करा ना. भाषांतराच्या फाइलला वेगळी स्टेटसलाइन सेट-लोकलने (फक्त त्या जागेपुरतं सेटिंग करणारी आज्ञा) देता येते, सगळीकडे कशाला?

रानवाट, 'डॉस'च्या जागी एरवी एक टिंब ठेवायला हरकत नाही, वाफाळता यांनी सांगितलं तसं. यूटीएफ-8 ही अक्षरं मात्र मी परत आणणार नाही.

फळा_खडू

मी नव्या मुलांना शिकवते, म्हणून तुमच्या विरोधात.

तुम्हाला सीआर-एलएफ काय ते आधीच माहीत आहे, म्हणून तुम्ही ते लपवू शकता. माझ्या विद्यार्थ्यांना ओळीच्या शेवटाला दोन प्रकार असतात हेच माहीत नसतं. व्हीएस कोड या एडिटरच्या खालच्या पट्टीत 'एलएफ' दिसतं, कोणीतरी विचारतं, "मॅडम, हे काय?" क्लिक केलं की वर दोन पर्याय उघडतात, आणि तिथून तासभराचा विषय निघतो. पट्टी कोरी असती तर तो प्रश्न आलाच नसता. व्हिममध्ये तर मूळ सेटिंगला एकच विंडो असेल तर स्टेटसलाइन दिसतच नाही, लास्टस्टेटस हे सेटिंग 2 करावं लागतं, हेही पहिल्याच दिवशी सांगावं लागतं.

तुमच्या टीममधल्या नव्या लोकांना तुमची व्हिमआरसी (व्हिमची सेटिंगची फाइल) देऊ नका. व्हीएस कोडच्या पट्टीवर उजवी क्लिक केली की एकेक गोष्ट बंद करता येते, तसं त्यांना लुआलाइनमधून स्वतः एकेक काढू द्या. पेंग्विन काढताना तो कशासाठी होता हे ज्याला सांगता येईल, त्याने तो खुशाल काढावा.